जुन्या रॅली जिप्सीला ब्रेक पॅड कुठले टाकायचे, अन बेडिंग (नवा पॅड तापवून डिस्कवर बसवणं) नेमकं कसं करायचं?

जिप्सी_एमएच२० (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी नमस्कार, पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

माझ्याकडं १९९८ ची जिप्सी किंग आहे, १३०० सीसी, कार्बोरेटरवाली. आधीच्या मालकानं रॅलीत पळवलेली. रोल केज तसाच आहे, मागचं सीट काढलेलं, दारावर जुन्या नंबराच्या स्टिकरचा गोंद अजून आहे अन तो मी काढणारपण नाही. वर्षातून एखाद-दोन इव्हेंट, मातीतला नाहीतर घाटातला, बाकी वेळ गाडी शेडमध्ये झाकून. पुढं डिस्क, मागं ड्रम, कंपनीनं दिलं तसंच.

तर दिवाळीत ऑनलाइन "रेस पॅड" घेतले. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण त्यानं सांगितलं ७०० डिग्रीपर्यंत फेड होणार नाही (म्हणजे तापून पकड जाणार नाही), म्हणलं आपल्याला अजून काय पाहिजे. मिस्त्रीनं अर्ध्या तासात चढवले आणि म्हणाला दोन-चार वेळा दाबून ब्रेक मार, बसतील आपोआप. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खुलताबादवरून म्हैसमाळला गेलो. चढताना ब्रेक लागतोच कुठं. वर भजी, चहा, फोटो यात पाऊण तास गेला, आणि उतरताना पहिल्याच वळणावर पाय ठेवला तर पेडल दगडासारखं कडक पण गाडी थांबायचं नाव नाही!! दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, कठड्याच्या अलीकडं कशीबशी आली. शेजारी बसलेला मित्र खुलताबाद येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पुढं तीन-चार वळणांनंतर पॅड पकडायला लागले, मग तर लईच पकडायला लागले, वास सुटला. खाली उतरून रस्त्यावर म्हशी आडव्या होत्या तिथं दोनेक मिनिटं पेडल दाबून उभा राहिलो. त्या दिवसापासून ६०-७० वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथर कापतं. मिस्त्री म्हणतो डिस्क वाकड्या झाल्या, नव्या टाका.

आता विचारायलोय ते असं, की पॅड कुठले घ्यावे, बेडिंग म्हणजे नक्की काय करायचं अन कुठं करायचं, आणि डिस्क खरंच वाकडी होती का?

---

बीड_बायपास

भाऊ कंपनीचे पॅड टाक अन गप बस. मांजरसुंब्याच्या घाटात वीस-वीस टनाचे ट्रक साध्या लायनरवर उतरतात रोज, तुझी एक टनाची जिप्सी.

(भज्यांचा फोटो टाकायचा राहिला)

---

जिप्सी_एमएच२०

ट्रकवाला पहिल्या गिअरमध्ये उतरतो भाऊ, त्याला टायमिंग द्यायचं नसतं. कंपनीच्या पॅडवर मागच्या वर्षी इव्हेंटला चौथ्या किलोमीटरलाच धूर निघाला म्हणून तर हे उद्योग केले ना.

---

डायनोकाका

बाळा, डिस्क वाकडी नाही. न बघता सांगतो, आणि चुकलो तर भजी माझ्याकडून.

मी वाळूजला ब्रेकच्या एका कंपनीत बावीस वर्षं डायनोवर काढली. डायनो म्हणजे मोठं वजनदार चाक फिरवायचं आणि त्याला पॅडनं थांबवायचं, दिवसभर तेच. नवीन पॅड आला की टेस्टच्या आधी तो हळूहळू तापवून बसवायचा, त्याशिवाय आकडे धरायचेच नाहीत असा नियम. गॅरेजमध्ये हीच पायरी गाळतात, कारण त्यात मिस्त्रीचा एक तास जातो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही.

आता नीट ऐक. डिस्क कशाची असते? बिडाची. आपल्या घरचा बिडाचा तवा नवीन आणला तर आई काय करायची? घासायची, मंद आचेवर तेल लावून तापवायची, थंड करायची, परत तापवायची, तेव्हा कुठं त्यावर काळा थर धरायचा. तसं न करता मोठ्या आचेवर धिरडं टाकलं की ते एका जागी धरून बसायचं, आणि पुढची सगळी धिरडी त्याच जागी चिकटायची. तुझं अगदी हेच झालंय. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर सगळीकडं सारखा बसावा लागतो, मग पॅड नुसता लोखंड घासत नाही, त्या थराला धरतो आणि सोडतो, पकड तिथून येते. तू तो थर बसवलाच नाहीस. वरून तापलेल्या डिस्कवर म्हशी जाईपर्यंत पॅड दाबून उभा राहिलास, म्हणजे एका जागी पॅडच्या आकाराचं धिरडं चिकटलं. आता ती जागा फिरून आली की पॅड धक्का खातो, तोच तुला स्टिअरिंगमध्ये लागतो. ह्यासाठी फार काही लागत नाही, डिस्कच्या जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दीड-दोन पट, म्हणजे ०.०१५ ते ०.०२ मिमी एवढा फरक असला तरी पायाला कळतं. डोक्याचा केस याच्यापेक्षा तिप्पट-चौपट जाड असतो.

हे लवकर काढून टाक. तसंच चालवत राहिलास तर त्या डागाखाली डिस्क बाकीच्यापेक्षा जास्त तापते, आणि ६५०-७०० अंशांच्या वर बीड तिथल्या तिथं बदलतं, सिमेंटाइट नावाचा काचेसारखा कडक ठिपका तयार होतो. तो मग घासूनपण जात नाही, लेथवर टूल त्याच्यावरून उडी मारतं. मग मात्र मिस्त्री म्हणतो तशी डिस्क बदलावी लागेल.

म्हैसमाळच्या पहिल्या वळणाचं कारण वेगळं. तिथं फेड झालेला नाही, तिथं पॅड गारठलेला होता. रेसचा मसाला गरम झाल्याशिवाय पकडत नाही, आणि तू त्याला पाऊण तास थंडी खाऊ घातलीस. खूण लक्षात ठेव, पेडल कडक आणि गाडी थांबत नाही म्हणजे पॅडचं दुखणं, एकतर गार नाहीतर जास्त तापलेला. पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातंय म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं, त्यात वाफ झाली. डॉट ३ ऑइल नवीन असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी पिलेलं असलं तर १४० लाच. डॉट ४ चं २३० आणि १५५. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडं चार महिने पावसाळा. तू शेवटचं कधी बदललंस?

---

जिप्सी_एमएच२०

काका 🙏 तवा आणि धिरडं डोक्यात फिट बसलं.

ऑइल... गाडी घेतल्यापासून नाही. म्हणजे तीन वर्षं. शिव्या घाला.

---

डायनोकाका

घालतो, पण आधी पोरांचं ऐकून घेऊ.

---

लातूरकर_परदेशी

थ्रेड उशिरा वाचू लालो, माफ करा. मी मूळचा औशाचा, सध्या इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ नोकरीला. शेजारच्या म्हाताऱ्याकडं फोर्ड एस्कॉर्ट मार्क २ आहे, जुन्या गाड्यांच्या रॅलीत पळवतो, रविवारी मी त्याच्या शेडमध्ये फुकट मजुरी करू लालो, जेवण मिळतंय. त्यामुळं पॅडवरची भांडणं रोज ऐकतो.

इथं ह्या वजनाच्या जुन्या रॅली गाडीला लोक बहुतेक मिंटेक्सचा एम ११४४ नाहीतर फेरोडोचा डीएस २५०० टाकतात. दोन्ही गारठ्यात पहिल्या वळणापासून पकडतात अन ५०० अंशांपर्यंत टिकतात असं कंपन्या सांगतात. डीएस २५०० चा घर्षणांक (पकडीचा आकडा) सरासरी ०.४२, अन मुख्य म्हणजे तो थंडगरम फार हलत नाही. ह्याच्या वरचे डीएस ३००० सारखे म्हणजे खरे रेसचे, ते सर्किटवर जिथं दर लॅपला ब्रेक तापलेलाच राहतो तिथं भारी, पण रॅलीत तू स्टेज (टायमिंगचा टप्पा) संपवून अर्धा तास रस्त्यानं पुढच्या स्टेजला जातोस, तोवर ते गार होतात, किंचाळतात, डिस्क खातात. आमचा म्हातारा म्हणतो तरुणपणी डीएस ११ टाकायचे, तापले की भिंतीला धडकल्यासारखी गाडी थांबायची, पण तापेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. त्यात ॲस्बेस्टॉस होतं. कुणी जुना शिल्लक माल "ओरिजिनल" म्हणून गळ्यात मारला तर घेऊ नको, अन जुन्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं फुंकू नको, ओल्या फडक्यानं पुसायची.

सांगायचं एवढंच की पॅड हा तुझ्या डिस्कला जेवढा ताप येतो तेवढ्यासाठी घ्यायचा. ७०० अंशांचा पॅड म्हणजे ७०० अंशांपर्यंत चांगला असं नसतंय, बऱ्याचदा तो ३०० च्या खाली नाठाळ असतो, ती अर्धी गोष्ट विकणारा सांगत नाही. हिरवा, लाल, पिवळा, निळा असल्या रंगावरून तर अजिबात घेऊ नको.

जिप्सीच्या कॅलिपरचा (पॅड धरून दाबणारा भाग) आकार इथल्या कॅटलॉगात मिळतो का ते जुना पॅड कागदावर ठेवून पेन्सिलनं आखून, लांबी-उंची-जाडी मापून बघावं लागेल. मला पाठव, मी बघतो. नाहीच मिळाला तर तिकडचाच चांगला सेमी मेटॅलिक घे.

अवांतर, फेरोडोची गोष्ट लई भारी आहे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं १८९७ मध्ये डर्बीशायरात सुरू केली. तिथल्या डोंगरउताराला घोडागाडीवाले चाकाच्या लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचं चामडं लावायचे, ते बघून ह्याला कल्पना सुचली म्हणतात. फ्रूडची (Frood) अक्षरं उलटीपालटी करून त्यात एक ई घातला की फेरोडो (Ferodo). अन डिस्क ब्रेकचा पहिला मोठा डंका आमच्या ह्या कॉव्हेंट्रीच्या जॅग्वारनं वाजवला, १९५३ ला फ्रान्समधली ल माँची शर्यत जिंकली त्यांच्या सी टाइप गाडीनं, डनलॉपच्या डिस्कवर. ड्रमवाले वळणाच्या किती आधी ब्रेक मारायचे अन हे किती उशिरा, तिथंच शर्यत गेली.

---

पद्मिनी_नांदेड

ड्रमवाल्यांना नावं ठेवल्याचा निषेध 😄

माझ्या पद्मिनीला चारी चाकांना ड्रम आहेत आणि चेन्नईजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर पद्मिनी अन हेराल्ड पळायच्या तेव्हाही ड्रमच होते, थांबत होत्या की. पण जिप्सीवाल्या भावा, तुझ्या पोस्टमध्ये मागच्या चाकांचा एक शब्द नाही, म्हणून लिहितो. पुढं कितीही भारी पॅड टाक, मागचे शू (ड्रमला आतून दाबणारे लायनर लावलेले तुकडे) काठावर घासत असतील तर गाडी सरळ थांबणार नाही.

मी काय करतो सांगतो. शाळेतला पांढरा खडू घ्यायचा, ड्रमच्या आतून सगळीकडं फासायचा, शू हातानं आत धरून थोडा पुढंमागं घासायचा आणि काढून बघायचा. खडू लायनरच्या मधल्या भागाला लागला पाहिजे. नुसता दोन टोकांना लागला तर लायनर अन ड्रमचा गोल जुळत नाही, असा शू टोकावर चावतो आणि चाक गपकन लॉक होतं. मग ती टोकं कानशीनं, पॉलिश पेपरनं हळूहळू उतरवायची, परत खडू, परत बघायचं. माझा अख्खा रविवार यात जातो, बायको म्हणते मुलांच्या अभ्यासाला घरात खडू राहत नाही.

आणि अजून एक, ड्रममध्ये पुढचा शू स्वतःच ड्रमबरोबर ओढला जाऊन आणखी दाबतो, त्यामुळं लायनर जरा जास्त कडक मसाल्याचा झाला की पकड एकदम दुपटीनं वाढल्यासारखी वाटते. म्हणून मागं "रेस लायनर" वगैरे नको. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी उतारावर गोल फिरते, मग म्हैसमाळचा कठडा तुझी वाट बघतोय.

तापल्यावर ड्रम मोठा होतो, शूपासून लांब जातो, पेडल खाली जातं, हे ड्रमचं जन्माचं दुखणं. डिस्क तापली की फुगून पॅडकडं येते. एवढं एक मी मान्य करतो.

---

बीड_बायपास

आमच्याकडं मिस्त्री लायनरवर पेट्रोल टाकून काडी लावतो, म्हणतो मसाला पक्का होतो. ते पण बेडिंगच का? 😂

---

पद्मिनी_नांदेड

ते ऑइल पिलेल्या लायनरला करतात, आणि त्यानं काही होत नाही. वरचं ऑइल जळतं, आतलं तसंच राहतं, गरम झालं की परत वर येतं. व्हील सिलिंडर गळाला की सील बदल आणि लायनर फेक. दोन-चारशे रुपये वाचवायला गाडी जाळून घ्यायची का?

---

डायनोकाका

नांदेडकरांचा खडू एकदम बरोबर. आम्ही कंपनीत निळा रंग लावायचो, काम तेच.

पॅड घेताना एक सोपी गोष्ट बघा, जी दुकानातला सांगत नाही. पॅडच्या कडेला बारीक छापलेलं असतं, आकडे आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं, ईई, एफएफ, जीजी असं. पहिलं अक्षर कमी तापमानाची पकड, दुसरं जास्त तापमानाची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई असेल तर समजायचं की हा तापला की ढिला पडतो, असला घाटात नको. एफएफ, जीजी चालेल. पण ही टेस्ट साधारण ३४० अंशांपर्यंतच होते, त्याच्या वर काय होईल ते अक्षर सांगत नाही, आणि पॅड किती टिकेल तेही नाही. आमच्याकडं दोन जीजी पॅड यायचे, एक सोन्यासारखा, एक तीन ब्रेकात राख.

आता ताप किती येतो ते बघ, अंदाजे हिशोब. जिप्सी, केज, दोन माणसं धरून ११०० किलो. ९० च्या स्पीडवरून शून्य केली तर साधारण ३४४ किलोज्यूल उष्णता निघते. ४५ वरून केली तर त्याच्या पाव, ८६. स्पीड दुप्पट तर ताप चौपट, हे पोरं विसरतात. त्यातले सत्तर टक्के पुढं जातात, पुढच्या दोन्ही डिस्क मिळून समजा ८ किलो बीड, तर एका दणक्यात ६०-६५ अंश वाढ. घाटात अशी आठ-दहा वळणं पाठोपाठ आली आणि मधे गार व्हायला वेळ नाही मिळाला तर चारशेच्या आसपास जातोस. म्हणजे तुला लातूरकर म्हणतात तोच पॅड पाहिजे, ४००-५०० पर्यंत टिकणारा आणि गारठ्यात पकडणारा. ७०० चा तुझ्या काय कामाचा?

बेडिंग असं कर.

आधी डिस्क काढून डायल गेजवर (किती डोलते ते काट्यावर दाखवणारं माप) फिरवून घे. ०.१ मिमीच्या आत डोलत असेल तर ठीक, जास्त असेल तर आधी हबचा गंज घास, बऱ्याचदा तिथंच खडा अडकलेला असतो. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं गोल-गोल, सगळ्या दिशांनी घास, जुना सगळा मसाला निघेपर्यंत. लेथवर हलका हात मारायचा असला तरी चालेल, पण डिस्कवर कमीत कमी जाडी लिहिलेली असते ती बघून, त्याच्या खाली गेली की फेकायची. ब्रेक क्लीनरनं पूस, नंतर बोट लावू नको. नवा मसाला जुन्याच्या थरावर कधीच बसवायचा नाही.

मग रविवारी पहाटे एमआयडीसीतला मोकळा रस्ता धर, सोबत एक जण मागं बघायला. समृद्धीवर हे प्रयोग करू नको, मागून १२० नं येणाऱ्याला तुझं बेडिंग चाललंय हे कसं कळणार. पहिल्यांदा ५० वरून २० पर्यंत, हलक्या पायानं, आठ-दहा वेळा, मधे अर्धा किलोमीटर गाडी चालू ठेवायची. मग ८०-९० वरून ३० पर्यंत, जरा दाबून पण चाक लॉक न करता, परत आठ-दहा वेळा, आता मधे जास्त वेळ द्यायचा नाही. पाचव्या-सहाव्याला वास येईल, थोडा धूर येईल आणि पकड कमी झाल्यासारखी वाटेल. घाबरू नको. पॅडमधलं रेझिन (मसाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पहिल्यांदा तापलं की त्यातून गॅस निघतो, तो पॅड आणि डिस्कच्या मधे उशीसारखा अडकतो, त्यालाच ग्रीन फेड म्हणतात. हे एमआयडीसीत होऊ दे, घाटात नको, म्हणून तर एवढा खटाटोप. अजून दोन-तीन मार आणि सोड.

ह्यात एकदाही पूर्ण थांबायचं नाही. आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला हात... म्हणजे पाय न लावता फिरवत राहायचं, वारा लागू दे. गाडी लावलीस की गिअरमध्ये ठेव, चाकाखाली वीट टाक, हँडब्रेक ओढू नको. सगळ्यात महत्त्वाचं, तिथून सरळ वॉशिंग सेंटरला नेऊ नको, तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की काय होतं ते तव्यावर करून बघ. रात्रभर थंड होऊ दे.

दुसऱ्या दिवशी डिस्क बघ. सगळीकडं सारखा राखाडी, जरा निळसर पट्टा दिसला पाहिजे. पट्ट्यात डाग किंवा चमकदार वर्तुळं असतील तर परत करावं लागेल.

---

लातूरकर_परदेशी

काका एक नंबर. एकच भर घालतो, इथं डिस्कच्या कडेला तापमानाचा रंग लावतात, हिरवा, नारिंगी, लाल असे तीन ठिपके. हिरवा ४३० ला पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. इव्हेंट झाला की कुठला पांढरा झाला ते बघायचं अन त्यावरून पॅड ठरवायचा. आमच्या एस्कॉर्टचा नारिंगी आजवर पांढरा झालेला नाही, तरी म्हाताऱ्याला दरवर्षी डीएस ३००० घ्यायची हुक्की येते.

---

डायनोकाका

तो रंग मिळाला तर भारीच. नसेल तर ती बंदूक असते ना इन्फ्रारेड, तापमान दाखवणारी, ती घे. पण चमकदार डिस्कवर मारलीस तर ती आकडा कमी दाखवते, म्हणून पॅडच्या कडेवर मार, नाहीतर डिस्कच्या न घासणाऱ्या कडेला चुलीच्या काळ्या हीटप्रूफ रंगाचा ठिपका दे.

---

जिप्सी_एमएच२०

तीन आठवड्यांनी येतोय, पण करून आलोय.

पहिलं म्हणजे जुन्या रेस पॅडच्या कडेला कोडच नाही. नुसतं ड्रॅगनचं चित्र. लातूरकर भाऊंना आकार पाठवला, तिकडून यायला वेळ लागणार, तोवर इथूनच एक सेमी मेटॅलिक घेतला, कडेला एफएफ, चार दुकानं फिरून. दुकानदार म्हणाला तीस वर्षांत कुणी हे अक्षर विचारलं नाही.

डिस्क डायल गेजवर फिरवली. उजवी ०.०४, डावी ०.०६. म्हणजे वाकडी नाही! काका, भज्यातून सुटलात. उजव्या डिस्कवर उजेडात तिरकं धरून बघितलं तर पॅडच्या आकाराचा काळसर डाग स्पष्ट दिसला, अगदी कडा-बिडासकट, म्हशींची आठवण. पेपरनं पाऊण तास घासला तेव्हा गेला.

रविवारी पहाटे पावणेसहाला वाळूजच्या आतल्या रस्त्यावर गेलो, कुत्री सोडली तर कुणी नाही. पहिला राउंड झाला, दुसऱ्यात सहाव्या ब्रेकला काका म्हणले तसा वास, तसा धूर, मित्रानं दार उघडून पाय बाहेर काढून ठेवला 😂. पण गाडी उजवीकडं ओढायला लागली. थंड करत फिरवली अन थांबून बंदूक मारली तर उजवं चाक ३१०, डावं १९० च्या आसपास. कॅलिपर खोलला तर डावीकडची खालची स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) धुळीनं अन जुन्या ग्रीसनं अशी जाम, की हातोडीनं ठोकून काढावी लागली. म्हणजे इतकी वर्षं डावीकडं एकच पॅड काम करत होता, आतला, बाहेरचा जवळपास कोरा! रबरी बूट फाटलेला, त्यातून सगळी काळी माती आत. पिना घासल्या, नवे बूट, सिलिकॉन ग्रीस, आणि पुढच्या रविवारी सगळं पहिल्यापासून. ह्या वेळी २९० आणि ३००.

खडूपण केला. मागचा डावा शू टोकावर घासत होता, नांदेडकर म्हणले तसाच. दोन तास पेपर मारून आता मधे लागतोय.

काल परत म्हैसमाळ. वर मुद्दाम पाऊण तास थांबलो, डिस्कला हात लावून बघितला, गार. उतरताना त्याच पहिल्या वळणावर पाय ठेवला, आणि थांबली. काही विशेष नाही, नुसती थांबली. मित्र ह्या वेळी खाली येईपर्यंत बडबडत होता, मला जरा गप बस म्हणावं लागलं. थरथर पूर्ण गेली. खाली पाच-सहा वळणं दाबून घेतली तेव्हा किंचित ढिलं वाटलं, म्हणजे ह्या एफएफ वाल्याची हद्द तिथपर्यंतच असावी, इव्हेंटच्या आधी लातूरकरांकडचे आले तर तेच टाकतो.

---

डायनोकाका

पिनचं कुणालाच सुचलं नाही, मला पण नाही. आधी हातानं कॅलिपर सरकवून बघ असं सांगायला पाहिजे होतं. चूक माझी, लिहून ठेवतो.

ऑइलचं काय केलंस? एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये तेवढं दिसलं नाही.

---

जिप्सी_एमएच२०

काका डॉट ४ चा सीलबंद डबा आणून ठेवलाय...

---

डायनोकाका

आणि त्या तीन वर्षांच्या ऑइलवर म्हैसमाळ उतरलास. ढिलं वाटलं म्हणतोस ते पेडल कडक असताना की खाली जात असताना?

---

जिप्सी_एमएच२०

...जरा खाली जात होतं.

शनिवारी बदलतो काका, नक्की. चारी चाकांची हवा काढायची तर पेडल दाबायला एक माणूस लागतो अन माझा मित्र गावाला जाणार आहे.

---

बीड_बायपास

मी येतो शनिवारी. पेडल दाबायला काय अक्कल लागत नाही. भजी तुझ्याकडून.